नानांची गाडी, अण्णांची गाडी

जळगावला जाऊनही मी अजिंठ्याची लेणी बघितली नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. कोल्हापुरात परतल्यावर पहिला प्रश्न तोच आला. "मग गेला होता कशाला?" यावर "बसगाड्यांसाठी" असं उत्तर दिलं, की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझी तब्येत विचारतो. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाईने एवढ्या लांब जाऊन एका खासगी बस कंपनीचा इतिहास का गोळा करावा, हे मलाही नीट सांगता येत नाही. लहानपणापासून गाड्यांचं वेड आहे, एवढंच. घरातली बाकीची मुलं पाहुण्यांची वाट बघायची, मी पाहुणे ज्या गाडीतून यायचे तिची.

केसर मोटर सर्व्हिसचं नाव मला एका लग्नात कळलं. खानदेशातून आलेलं वऱ्हाड हिरव्या रंगाच्या, पिवळ्या पट्ट्याच्या गाडीतून उतरत होतं. पट्टा हाताने रंगवलेला, अक्षरं हाताने काढलेली. मी तिथेच खिळले. वऱ्हाडातल्या एका बाईंना गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नानांची. अण्णांची पण अशीच असते. दोघं सख्खे भाऊ. एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाची गाडी बंद पडली की दुसऱ्याची थांबते." तेवढ्यात अक्षता वाटायला सुरुवात झाली आणि पुढचं विचारायचं राहिलं. ते वाक्य मात्र डोक्यात घोळत राहिलं. शेवटी हिवाळ्यात पिशवी भरली आणि निघाले.

पिंप्राळा

नाना जळगावात पिंप्राळ्याला राहतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला लागले, तर तो म्हणाला, "नानांकडे ना? बसा." घर साधं, कॉलनीतलं; पुढे फाटकाशी तुळस आणि दोन स्कूटर. नाना ऐंशीच्या घरात आलेले, उंच, कपडे पांढरेशुभ्र. माणूस बोलायला आढेवेढे घेईल असं वाटलं होतं, पण गाड्यांचा विषय निघाला आणि चहा निवून गेला.

यांचे पणजोबा राजस्थानातून येऊन रावेरला कापडाचं दुकान टाकून बसले. चौथ्या पिढीपर्यंत घरातली मारवाडी फक्त लग्नातल्या गाण्यांपुरती उरली. नानांच्या वडिलांना, म्हणजे बाबूजींना, कापडात रस नव्हता. त्यांनी ट्रकचा सांगाडा आणला आणि सावद्याच्या रहीम मिस्त्रींकडून त्यावर सागवानी बॉडी बांधून घेतली. आईच्या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं केसर. रावेर, सावदा, जळगाव अशी गाडी धावू लागली. आत माणसं, टपावर केळीचे घड.

"उन्हायात टपावरची केयी जळगावले पोचेपर्यंत पिकून जायची," नाना सांगत होते. "उतरताना सवारीले एकेक केळ फुकट. लोक म्हनायचे, केसरची गाडी उशिरा येते, पन खाऊन येते."

मग एसटी आली, मार्गांचे परवाने गेले. बाबूजींनी गाड्या विकल्या नाहीत. वऱ्हाडं नेली, देवदर्शनाच्या सहली नेल्या आणि पुढे सुरतेला कामासाठी जाणाऱ्या लोकांना नेलं. मुलं हाताशी आल्यावर थोरल्याने, म्हणजे नानांनी, जळगाव सांभाळलं, धाकट्या अण्णांनी धुळं. कंपनीचा एक नियम मात्र पहिल्या गाडीपासूनचा. तो प्रत्येक गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावर रंगवलेला असायचा: "रस्त्यात बंद पडलेली गाडी आपली." म्हणजे कुणाचीही गाडी बंद पडलेली दिसली, की थांबायचं, तिची माणसं आपल्या गाडीत घ्यायची, पैसे मागायचे नाहीत. शेवटचा माणूस चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. आणि मुक्कामी पोचल्यावर त्या माणसांना मालकाने स्वतःच्या हाताने पाणी द्यायचं.

"नोकराच्या हातून नही?" मीही नकळत त्यांच्यासारखं बोलून गेले.

"नही. मालकानंच. बाबूजी म्हनायचे, रस्त्यात अडकलेला मानूस घाबरलेला असतो, त्याले घरचं कोनी भेटलं पाहिजे."

बाबूजी गेल्याच्या वर्षापर्यंत येऊन नाना थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "इथून पुढचं अर्धं धुळ्याले विचारा," म्हणाले.

त्यांची सून रेखा आम्हाला जेवायला बोलवायला आली, म्हणून मी सुटले. ताटात वांग्याचं भरीत होतं. आम्ही कोल्हापूरची माणसं तिखटाच्या बाबतीत फार मिजास करतो. रेखा "ताई, मिरची जरा जास्त झालीय" म्हणाली, तेव्हा मी "आम्हाला सवय असते हो" असं म्हणून मोठा घास घेतला. आमच्या तांबड्या रश्श्याचं तिखट वाजतगाजत येतं. हे हिरव्या मिरचीचं भरीत दिसायला गरीब. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि नाना शांतपणे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी मोडत म्हणाले, "ताईले गूळ दे वं, रेखा."

जेवणानंतर रेखाने मागच्या अंगणात मला खरी गोष्ट सांगितली. नानांकडे आता एकच गाडी उरली आहे, रोज सकाळी धुळ्याला जाऊन संध्याकाळी परत येणारी. या महिनाअखेर तीही बंद होणार. रेखाचा नवरा पुण्यात नोकरीला, त्याला यात पडायचं नाही, आणि नानांचीही त्याच्यावर सक्ती नाही. "गाडी बंद होण्याचं त्यांना वाईट वाटतं, पण तेवढंच नाही," रेखा म्हणाली. "अण्णाकाकांशी त्यांचं बोलणं माझ्या लग्नाच्या आधीपासूनच बंद आहे. पण आमची गाडी बंद पडली की त्यांची थांबते, त्यांची पडली की आमची. त्या दिवशी संध्याकाळी नाना ड्रायव्हरला दहा वेळा विचारतात, पाणी कोणी दिलं, तब्येत कशी होती, खोकत होता का. आता आमची गाडीच नसेल तर हेही संपलं."

मला फार वाईट वाटलं. दोन म्हातारे भाऊ, दोघांत एका गाडीच्या प्रवासाचं अंतर, आणि एकमेकांची खुशाली कळायला इंजिन बिघडावं लागतं.

निघताना मी नानांना म्हटलं, "परवा मी तुमच्याच गाडीने धुळ्याला जाते. तुम्हीही चला."

नानांनी फाटकाजवळच्या तुळशीची दोन सुकलेली पानं खुडली. मग म्हणाले, "येतो. पन तिथं उतरनार नही. गाडीतच बसीन आनि त्याच गाडीनं वापस येईन."

सावदा

मधला दिवस मी सावदा-रावेरकडे घालवला. तिकडचा रस्ता केळीतूनच जातो. दोन्ही बाजूंना पानांच्या भिंती, पलीकडे सातपुड्याची निळी ओळ. ट्रॅक्टर घड घेऊन येतात, पत्र्याच्या शेडमध्ये बाया फण्या धुऊन खोक्यांत भरतात, ट्रक निघून जातात. आमच्याकडे ऊस तोडताना जो आरडाओरडा चालतो, तो इथे नाही. केळ्याला डाग पडू नये म्हणून सगळे हलक्या हाताने आणि हलक्या आवाजात काम करतात. मला एका शेडमध्ये आग्रहाने केळं दिलं. ते पिकलेलं नव्हतं, हे तोंडात गेल्यावर कळलं. पाहुणी म्हणून संपवलं.

युसूफभाई सावद्यात राहतात. नानांच्या गाडीचे ड्रायव्हर आणि बॉडी बांधणाऱ्या रहीम मिस्त्रींचे चिरंजीव. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. वडिलांच्या जुन्या शेडमध्ये त्यांनी मला सागवानाची एक कमान दाखवली. पहिल्या गाडीच्या छताची ती शेवटची खूण. उरलेलं अर्धं मला धुळ्याआधीच इथे कळलं.

बाबूजी गेले तेव्हा नाना जळगावात जवळ होते. धुळ्याला निरोप गेला, अण्णा स्वतःच्या गाडीने निघाले. रस्त्यात दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीची वऱ्हाडाची गाडी उभी होती. नवरी, म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळी उन्हात. अण्णा थांबले. वऱ्हाड भरून घेतलं, लग्नघरी पोचवलं, पाणी दिलं आणि मग जळगाव गाठलं. तोवर इकडे अग्नी दिला गेला होता.

"माझे अब्बा तिथेच होते," युसूफभाई म्हणाले. "नाना म्हणाले, बापापेक्षा सवारी मोठी झाली तुला? अण्णा म्हणाले, रस्त्यात उभ्या गाडीसाठी मी थांबलो, तू माझ्यासाठी थांबला नाहीस? बस, तेव्हापासून बंद."

"चूक कोणाची, तुम्हाला काय वाटतं?"

"मॅडम, एकाने बाबूजींचं ऐकलं, दुसऱ्याने बाबूजींना उन्हात ताटकळत ठेवलं नाही. कोणाला चूक म्हणू?" मग ते जरा घुटमळले. "नाना खरंच येतायत धुळ्याला? माझ्या गाडीत?"

मी हो म्हटलं. ते उठून चहा सांगायला गेले आणि येताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत आले.

धुळ्याच्या रस्त्यावर

सकाळी नाना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. मांडीवर एक कापडी पिशवी. मी ती वर ठेवू का विचारलं, तर त्यांनी ती अजूनच जवळ ओढली. "राहू द्या. पान्याची बाटली हाये फक्त," म्हणाले. पोराबाळांची गाडी होती, गप्पांची. एक बाई भाचीच्या सुपारीला, म्हणजे साखरपुड्याला, धुळ्याला निघाली होती आणि हातातली पेढ्यांची खोकी तिने कुणालाही धरायला दिली नाहीत. थंडीत शेतांवर धुकं होतं. नाना डोळे मिटून होते. त्यांना झोप लागली, असं मी समजले.

एरंडोल मागे पडलं आणि गाडीने आचका दिला. मग अजून एक. युसूफभाईंनी गाडी लिंबाखाली बाजूला घेतली, खाली उतरून बॉनेट उघडलं आणि आत डोकं खुपसलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"बघतो, मॅडम," ते आतूनच म्हणाले. त्यांचे हात मात्र मला कुठेच फिरताना दिसले नाहीत.

लोक खाली उतरले. शेजारच्या शेतातल्या माणसाने हरभऱ्याची टहाळं दिली, आम्ही घाटे सोलत उभे राहिलो. कुणी चिडलं नाही याचं मला नवल वाटलं. आमच्याकडे एव्हाना कंडक्टरचा उद्धार झाला असता. पेढेवाल्या बाईने माझं अज्ञान दूर केलं. "मांगून अण्णानी गाडी येवाव शे. ती थांबस." जळगावला रात्री मुक्कामी आलेली अण्णांची गाडी सकाळी नानांच्या गाडीमागून थोड्या वेळाने धुळ्याला परत निघते, हे तिला पाठ होतं.

आणि ती आली. तोच हिरवा रंग, तोच पिवळा पट्टा. कुणी हात केला नाही, तरी थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं आणि "चला" एवढंच म्हटलं. सगळे चढले. नाना मात्र बसल्या जागेवरून हलले नाहीत.

मी जाऊन म्हटलं, "नाना, चला."

"तुम्ही जा. गाडी दुरुस्त झाली की मी येतो."

युसूफभाई बॉनेटमध्ये अजूनच खाली वाकले. अण्णांच्या गाडीचा ड्रायव्हर स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. त्याने हॉर्न वाजवला नाही, इंजिन वाढवलं नाही. शेवटचा माणूस चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही, म्हणून तो बसून होता. मागच्या सीटांवर कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याने हट्ट धरला तर आज धुळं नाही, आणि आज नाही तर बहुधा कधीच नाही.

शेवटी पेढेवाल्या बाईचा धीर सुटला. खोकी सांभाळत ती खाली उतरली आणि नानांच्या खिडकीखाली उभी राहिली. "ओ बाबा, उठा ना! बठ्ठा तुमनी वाट दखी ऱ्हायनात. मनी भाचीनी सुपारी शे आज."

हे कोण, हे तिला माहीत नव्हतं. नानांना असं कुणी बोललं असेल, असं मला वाटत नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या उभ्या गाडीकडे. पिशवी घेतली आणि उठले. खाली उतरल्यावर बॉनेटपाशी क्षणभर थांबले, पण आत वाकून बघितलं नाही. मी आधार द्यायला हात पुढे केला. तो न घेता ते भावाच्या गाडीत चढले.

आत ड्रायव्हरच्या डोक्यावर तीच ओळ होती, "रस्त्यात बंद पडलेली गाडी आपली." रंग अलीकडेच नव्याने दिलेला दिसत होता. नाना धुळ्यापर्यंत तिच्याकडेच बघत होते. मी मात्र पारोळ्याच्या पुढे सहज मागच्या काचेतून पाहिलं आणि चाट पडले. आमच्यामागे, बरंच अंतर ठेवून, नानांची बंद पडलेली गाडी रिकामी आणि झकास चालत येत होती. मी झटकन पुढे तोंड केलं आणि नानांनी मागे वळू नये म्हणून त्यांना हरभऱ्याच्या पेरणीबद्दल काहीतरी मूर्खासारखं विचारलं.

धुळे

अण्णांचं आवार गावात शिरता शिरताच लागतं. ड्रायव्हरने फोन केलेला असणार, कारण आम्ही आत शिरलो तेव्हा अण्णा तांब्या आणि पेले घेऊन दारात उभे होते. नानांपेक्षा बुटके, मफलर गुंडाळलेला, एक पाय किंचित ओढत चालणारे. एकेकाला ते पाणी देत होते. "घाबरना नही ना? पानी ल्या. चहा ठेवेल शे." पेढेवाल्या बाईने पाणी पिऊन त्यांच्या हातावर पेढाच ठेवला आणि रिक्षा शोधायला पळाली. माझ्यानंतर नाना उतरले.

अण्णांनी सवयीने पेला भरला, पुढे केला आणि मग वर बघितलं. पाणी पेल्याबाहेर सांडायला लागलं. दोघांच्या हातांत तो पेला होता आणि तो कुणी सोडत नव्हतं. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण मला ते जमलं नाही.

नाना पाणी प्यायले. सगळं, एका दमात.

"गाडीले काय व्हयनं?" अण्णांनी विचारलं. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेले पहिले शब्द. विचारायचं काय ते सुचलं नाही म्हणून विचारलेले.

नेमकी त्याच वेळी नानांची गाडी फाटकाशी आली. आम्हाला उभे पाहून युसूफभाईंनी ती तिथेच थांबवली आणि मान खाली घातली. अण्णांनी गाडीकडे बघितलं, युसूफभाईंकडे बघितलं.

"गाडीले काहीच झालं नही," नाना म्हणाले. "मले तिथंच समजलं व्हतं. जन्म गेला गाड्यांत, इंजिनाचा आवाज समजत नही का?"

"मंग उतरना कसाले तू?"

नाना रिकामा पेला हातात फिरवत राहिले. "तुही गाडी थांबली व्हती ना," म्हणाले. "मी किती वेळ बसून राह्यलो. तरी थांबली."

अण्णांचा चेहरा वेडावाकडा झाला. त्यांनी मफलरने तोंड पुसलं आणि भावाचा दंड धरून त्याला आत घेऊन गेले. मी बाहेर बाकड्यावर बसले आणि मनसोक्त रडून घेतलं. युसूफभाईंनी मला चहा आणून दिला आणि स्वतः गाडीची काच पुसायला लागले, जी सकाळीच पुसलेली होती.

मी अण्णांना त्यांचा अर्धा इतिहास विचारला नाही. दुपारी सगळ्यांबरोबर शेवभाजी जेवले, या वेळी मिजास न करता, आणि दोघा भावांनी पहिल्या गाडीचा भोंगा डावीकडे होता की उजवीकडे यावर घातलेला वाद ऐकला. तो माझ्यासमोर मिटला नाही.

संध्याकाळी गाडी परत निघाली. नाना आवाराच्या फाटकापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. त्याच गाडीने परत येणार होते, त्याचं काय, हे त्यांना ना मी विचारलं ना युसूफभाईंनी. ड्रायव्हरमागची सीट रिकामी होती. जळगावचा एक माणूस तिथे बसायला आला, तर युसूफभाईंनी त्याला मागे पाठवलं.

रस्त्यातून मी रेखाला फोन केला. म्हटलं, नाना आज धुळ्यालाच राहिले, काळजी करू नकोस. तिकडून कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"अण्णाकाकांकडे त्यांच्या मापाचे कपडे तरी असतील का, या विचारात होते," रेखा म्हणाली. "पण ताई, त्यांचा धुतलेला जोड इथे नाही. रात्रीच्या गोळ्याही नाहीत. सकाळीच पिशवीत भरून नेल्यात त्यांनी."